एक्मोवर असलेला भाऊ: किती दिवस थांबायचे, आणि कशासाठी?

वाचकाचे पत्र: «माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. ताप-खोकल्याचे निमित्त झाले, सांगलीत तपासणीत स्वाइन फ्लू निघाला, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला. व्हेंटिलेटरवरही ऑक्सिजन टिकेना, म्हणून त्याला पुण्यातील एका खासगी रुग्णालयात आणून एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावर, घेतले. आज अकरावा दिवस आहे. डॉक्टर रोज ‘वाट पाहू’ एवढेच सांगतात. बिल पाहून छाती दडपते. दोन एकर द्राक्षबागेला गिऱ्हाईक तयार आहे. भावकीतले म्हणतात, मशीन बंद केले की सगळे संपणार, मेलेल्या माणसाला बिलासाठी ठेवले आहे. चार दिवसांपूर्वी त्याने डोळे उघडले होते आणि आईने हाक मारल्यावर तिचा हात दाबला होता. आई म्हणते थांबा, चुलते म्हणतात घरी न्या. आम्ही काय करावे?» — एक वाचक, तासगाव तालुका

सप्रेम नमस्कार.

पत्राचे स्वरूप तातडीचे असल्यामुळे ते मिळाल्याबरोबर आपल्याशी फोनवर बोलणे झालेच आहे. त्याच बोलण्यातील मुद्दे आपल्या परवानगीने येथे सविस्तर मांडतो, कारण अशा प्रसंगात सापडलेली घरे आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि त्यांना आयसीयूच्या दारात उभे राहून हे सारे विचारायला सवड मिळत नाही. आपल्या भावाचे पूर्ण केसपेपर मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तो वाचेल की नाही याविषयी मी काहीही बोलणार नाही. परंतु दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगता येतात. आईच्या हाकेला हात दाबून उत्तर देणारा माणूस मेलेला नव्हता, आणि त्यानंतर त्याला पुन्हा गुंगीत ठेवले असेल तर तोही उपचाराचाच भाग आहे. दुसरे असे की या आठवड्यात द्राक्षबागेचा इसार घेऊ नका. बाग कधीच विकू नका, असे मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर हा निर्णय व्हायला हवा, ते प्रश्न अजून डॉक्टरांना विचारलेलेच नाहीत, असे आपल्या पत्रावरून दिसते.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. पुढच्या वेळी आत जाल तेव्हा खाटेजवळ थांबून त्या दोन जाड नळ्यांकडे नीट पाहा. एक नळी बहुधा जांघेतील मोठ्या शिरेतून निघते आणि तिच्यातील रक्त काळपट, जांभळ्या छटेचे दिसते. ते रक्त एका पंपातून पुढे जाऊन वहीएवढ्या पारदर्शक डब्यात शिरते. या डब्याला ऑक्सिजनेटर म्हणतात. त्याच्या आत केसासारख्या बारीक, पोकळ तंतूंची दाट जुडी असते. तंतूंच्या आतून ऑक्सिजन वाहतो, बाहेरून रक्त वाहते, आणि तंतूच्या भिंतीतून ऑक्सिजन रक्तात शिरतो व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डब्यातून निघालेले रक्त उजळ लाल होऊन दुसऱ्या नळीने, बहुधा मानेतील शिरेतून, हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे परत जाते. प्रौढ माणसात मिनिटाला तीन ते पाच लिटर रक्त असे फिरते. तेथून पुढे ते सर्व शरीरभर ढकलण्याचे काम आपल्या भावाचे स्वतःचे हृदय करते. पत्रासोबत पाठवलेल्या कागदावर ‘व्ही-व्ही एक्मो’ असे लिहिले आहे, त्याचा अर्थ हाच: रक्त शिरेतून घेतले आणि शिरेतच परत दिले. म्हणजे यंत्राने फक्त फुप्फुसांचे काम अंगावर घेतले आहे, हृदयाचे नाही. ‘मशीन बंद केले की सगळे संपणार’ हे भावकीचे म्हणणे आज कदाचित खरे ठरेल, कारण आज त्याची फुप्फुसे पुरेसा ऑक्सिजन घेऊ शकत नाहीत. पण ती सुधारली की हेच यंत्र काढून घेतात आणि माणूस स्वतःच्या श्वासावर राहतो. ते लावले जाते तेच मुळी पुढे काढता यावे म्हणून.

(नळ्यांच्या रंगावरून घरच्यांनी निष्कर्ष मात्र काढू नयेत. दोन्ही नळ्या सारख्याच दिसू लागल्या तर त्याची कारणे अनेक असतात. जवळच्या परिचारिकेला किंवा परफ्युजनिस्टला, म्हणजे हे यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला, विचारावे, ते सांगतात.)

येथे एक गोष्ट ठसठशीतपणे सांगायला हवी, कारण निर्णयाची सारी किल्ली तिच्यात आहे. एक्मो न्यूमोनिया बरा करत नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घातले म्हणजे प्लास्टर हाड जोडत नाही. ते हाताला स्थिर ठेवते आणि हाड आपले आपण जुळते. फुप्फुसांचेही तसेच आहे. व्हेंटिलेटरने जोर लावून हवा भरत राहिले, तर सुजलेल्या फुप्फुसांना त्या दाबाचीच नवी इजा होते. एक्मोमुळे व्हेंटिलेटरचा दाब कमी ठेवता येतो आणि विषाणूचा जोर ओसरून सूज उतरेपर्यंत अवधी मिळतो. म्हणून ‘मशीन उपयोगी पडते आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘या मिळालेल्या अवधीत फुप्फुसे सुधारत आहेत का, आणि बाकीचे अवयव तोवर टिकून आहेत का’ हा प्रश्न खरा आहे. डॉक्टर ‘वाट पाहू’ म्हणतात तेव्हा ते नेमकी याचीच वाट पाहत असतात. ते त्यांनी आपल्याला उलगडून सांगितले नसेल तर आपण विचारून घ्यावे.

आपल्याकडे एक्मो हा शब्द बहुतेकांनी मृत्यूच्या बातमीतच प्रथम वाचला. जयललिता यांना ४ डिसेंबर २०१६ रोजी हृदयक्रिया बंद पडल्यावर एक्मोवर घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्या गेल्या. गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम २०२० च्या ऑगस्टमध्ये कोविडमुळे एक्मोवर गेले, काही आठवडे झुंजले आणि २५ सप्टेंबरला गेले. त्यामुळे एक्मो म्हणजे शेवटची घटका, असे समीकरण लोकांच्या मनात बसले असेल तर त्यात नवल नाही. पण ही दोन्ही उदाहरणे आपल्या भावाला लागू पडत नाहीत. पहिल्या प्रसंगी हृदयच थांबले होते. तशा रुग्णात रक्त शिरेतून घेऊन धमनीत सोडावे लागते, म्हणजे हृदय आणि फुप्फुसे अशी दोन्ही कामे यंत्राकडे जातात, आणि मुळातला आजारच इतका भयंकर असतो की जगणाऱ्यांचे प्रमाण बरेच खाली येते. दुसऱ्या प्रसंगी रुग्णाचे वय ७४ होते. आपला भाऊ ३४ वर्षांचा आहे, आधी धडधाकट होता, आणि आपल्या बोलण्यावरून तरी दिसते की त्याचे मूत्रपिंड व यकृत ठीक चालले आहे. अशा आजारांसाठी केलेल्या एक्मोच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत, फुप्फुसांच्या कारणासाठी एक्मोवर गेलेल्या प्रौढांपैकी शंभरात सुमारे साठ जण रुग्णालयातून घरी जातात. म्हणजे चाळीस जात नाहीत. हे दोन्ही आकडे मनात एकत्र ठेवावे लागतात; एकटा कुठलाही आकडा दिशाभूल करतो.

पुराव्याविषयी आपण फोनवर विचारले होते, म्हणून थोडे. फुप्फुसे निकामी झालेल्या प्रौढाला अशा यंत्रावर सुमारे तीन दिवस ठेवून वाचवल्याचे पहिले उदाहरण अमेरिकेत १९७१ सालचे, अपघातात सापडलेल्या २४ वर्षांच्या तरुणाचे आहे. त्यानंतर कित्येक वर्षे निकाल निराशाजनकच होते. ब्रिटनमध्ये १८० रुग्णांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हा खरा वळणाचा टप्पा होता: एक्मो केंद्राकडे पाठवलेल्यांपैकी ६३ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ४७ टक्के. मात्र पाठवलेल्या प्रत्येकाला एक्मो लावावे लागले नव्हते. सुमारे चौघांतल्या एकाला ते दिलेच गेले नाही, आणि त्यांतील बहुतेकांची प्रकृती केंद्रातील चांगल्या देखभालीतच, म्हणजे यंत्राशिवाय, सुधारली. माझ्या मते या अभ्यासातून यंत्राइतकाच त्यामागे उभ्या असलेल्या चमूचा महिमा सिद्ध होतो. २०१८ साली फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या २४९ रुग्णांच्या अभ्यासात ६० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण एक्मोच्या गटात ३५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के होते. फरक ठळक वाटला तरी संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीला तो पुरता उतरला नाही. त्याचे एक कारण असे की दुसऱ्या गटातील चौथा हिस्सा रुग्ण इतके ढासळले की त्यांनाही शेवटी एक्मो द्यावे लागले. सारांश असा की योग्य रुग्णाला, योग्य वेळी, अनुभवी हातांत हा उपचार आधार देतो. प्रत्येकाला देतो असे नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. अकरावा दिवस म्हणजे फार झाले का? नाही. न्यूमोनियासाठीचे एक्मो दोन-तीन आठवडे चालणे नेहमीचे आहे, आणि महिन्याहून अधिक काळ यंत्रावर राहून सुधारलेले रुग्णही आहेत. परंतु दिवसांची संख्या हा स्वतंत्र निकष नव्हे. उद्या डॉक्टरांशी बसून बोलण्यासाठी अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या, घाईघाईच्या फेरीत दारात उभ्याने नव्हे, आणि पुढील गोष्टी एकेक करून विचारा. छातीचा एक्स-रे पहिल्या दिवसाच्या तुलनेत कसा आहे, दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखवाल का? व्हेंटिलेटरच्या त्याच दाबावर फुप्फुसांत आता पहिल्यापेक्षा जास्त हवा जाते का? ऑक्सिजनेटरमधून जाणारा वायूचा प्रवाह कमी करून पाहिला का, आणि केल्यावर काय झाले? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण व्ही-व्ही एक्मो काढण्याआधी वायूचा प्रवाह हळूहळू कमी करतात आणि शेवटी काही तास पूर्ण बंद ठेवतात. रक्त नळ्यांतून फिरतच राहते, पण ऑक्सिजन मात्र त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांतूनच मिळवावा लागतो. ती परीक्षा पार पडली की नळ्या निघतात.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे विचारावी. यंत्राच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते, आणि त्यामुळेच रक्तस्रावाचा धोका सतत असतो. नाकातून, जखमेतून होणारा रक्तस्राव आटोक्यात आणता येतो. मेंदूतील रक्तस्राव मात्र सारे चित्र पालटून टाकतो. नवे संसर्ग, डायलिसिसची गरज, रक्तदाब टिकवण्याची औषधे वाढत जाणे ही चिन्हे एकामागून एक येऊ लागली तर प्रकृती उताराला लागली आहे असे समजावे. त्याने चार दिवसांपूर्वी डोळे उघडले आणि हात दाबला, हे आपल्याला आईच्या मायेचे वाटत असेल, पण वैद्यकीय दृष्ट्याही ती मोठी नोंद आहे: त्या दिवशी मेंदू सांगितलेले समजून घेत होता. गुंगी पुन्हा का वाढवली, आणि ती कमी करून पुन्हा तपासणार आहात का, हे अवश्य विचारा.

या बैठकीतून एक गोष्ट घेऊनच उठा: फेरविचाराची तारीख. ‘आणखी सात दिवसांनी आपण पुन्हा बसू, तोवर अमुक सुधारणा दिसली तर पुढे जाऊ, अमुक बिघाड झाला तर थांबण्याविषयी बोलू’ असे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. चांगले अतिदक्षतातज्ज्ञ याला हरकत घेत नाहीत; उलट घरच्यांनी असे विचारले की त्यांनाही मोकळेपणाने बोलता येते. माझ्या दृष्टीने आपल्या घरातील भांडणावरचा उपाय हाच आहे. आई ‘थांबा’ म्हणते आणि चुलते ‘घरी न्या’ म्हणतात, तेव्हा दोघेही अंधारात बोलत आहेत. ठरलेली तारीख आणि ठरलेली चिन्हे समोर असली की दोघांनाही एकाच गोष्टीकडे पाहता येईल.

बिलासाठी ठेवल्याचा संशय मी उडवून लावणार नाही. असे अनुभव लोकांना आलेले असतात, म्हणूनच ही शंका गावोगाव बोलली जाते. पण तो संशय तपासण्याचे मार्ग आहेत. रुग्णाच्या नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यकीय आचारसंहितेने घातलेले आहे. त्या घ्या आणि एक्मोचा अनुभव असलेल्या, या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. उपचार करणाऱ्यांना तसे सांगूनच करा, लपवाछपवी नको. एक्मोवर घेण्याआधी त्याला पालथे झोपवून व्हेंटिलेटर दिला होता का, हेही त्या नोंदींत दिसेल. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की गंभीर रुग्णांना दिवसातील सोळा तासांच्या आसपास पालथे ठेवल्यास मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर येते, आणि या साध्या उपायानंतरच एक्मोचा विचार व्हावा अशी रीत आहे. चुलत्यांचा ‘घरी न्या’ हा सल्ला मात्र आज मानू नका. एक्मोवरून घरी नेणे म्हणजे आयसीयूतच किंवा रुग्णवाहिकेत त्याचा शेवट करणे होय, आणि तोही अत्यंत गुदमरून. थांबायचे ठरलेच तरी ते अशा रीतीने नसावे.

उपचार थांबवण्याविषयी कायद्याची स्थिती आपल्याला माहीत असावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशके अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची कार्यपद्धती सुटसुटीत केली. त्यानुसार, बरे होण्याची आशा उरलेली नसेल तर, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते, नंतर जिल्हा आरोग्य यंत्रणेने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ तपासणी करते, जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. आपण आज त्या टप्प्यावर नाही, निदान पत्रावरून तरी नाही. पण उद्या फेरविचाराच्या तारखेला डॉक्टरांनीच तसे सुचवले, तर ते मान्य करणे म्हणजे भावाला वाऱ्यावर सोडणे नव्हे. वेदनाशामक आणि गुंगीची औषधे चालू ठेवून, घरच्यांना जवळ बसू देऊन यंत्र थांबवता येते, आणि त्याला कायद्याचा आधार आहे.

पैशांविषयी. बाग विकून उभी केलेली रक्कम किती दिवस पुरेल याचा हिशेब आधी मांडा, म्हणजे रुग्णालयाकडून पुढच्या सात दिवसांचे लेखी एस्टिमेट घ्या. ऑक्सिजनेटर बदलावा लागला तर त्याचा खर्च वेगळा असतो, तो त्यात धरायला सांगा. हे रुग्णालय विश्वस्त संस्थेचे, म्हणजे धर्मादाय आहे का, हे आजच पाहा: महाराष्ट्रात अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि अर्ज रुग्ण दाखल असतानाच द्यावा लागतो. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, दाद लागली नाही तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हे रुग्णालय त्या योजनेत आहे का आणि या उपचारातील कोणता भाग तिच्यात बसतो, हे आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील प्रतिनिधीकडून, लेखी घ्यावे. मुख्यमंत्री वैद्यकीय साहाय्यता निधीचा अर्जही सोबतच करावा. हे सर्व करूनही रक्कम कमी पडली आणि फेरविचाराच्या दिवशी फुप्फुसे सुधारत असल्याचे दिसले, तर एक एकर विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा निर्णय आपण डोळसपणे घ्याल. सुधारणा नसताना, केवळ लोक काय म्हणतील या धाकाने, सातबारा कोरा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी एक गोष्ट पत्रात न दिसल्यामुळे लिहितो. आई, चुलते, भावकी आणि आपण स्वतः, या सर्वांचे म्हणणे पत्रात आहे; आपल्या भावजयीचे एकही वाक्य नाही. आपला भाऊ शुद्धीवर नसताना त्याच्या वतीने बोलण्याचा पहिला अधिकार तिचा आहे, संमतीच्या कागदावर पहिली सही तिचीच असायला हवी, आणि बागेचा निर्णय झाला तर त्याचे ओझे पुढची वीस वर्षे तिच्या व मुलांच्या डोक्यावर राहणार आहे. उद्याच्या बैठकीत तिला डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर बसवा. त्याला काय आवडले असते, काय नको वाटले असते, हे डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर तिला देऊ द्या. आणि आत भेटायला एकालाच सोडत असतील तर आळीपाळीत तिचा वार आधी लावा.